आमचं बिल आणि तिचे दोन हजार

अठरा लाख चाळीस हजार. गेल्या दोन वर्षांत मी हा आकडा जितक्यांदा उच्चारला तितक्यांदा देवाचं नाव घेतलं असतं, तर एव्हाना तो पावला असता. एका गावातला सिमेंटचा रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांची गटारं, एवढंच काम. मुदतीत संपवलं. साहेबांनी एमबीत, म्हणजे मापवहीत, मापं चढवली, बिल वर गेलं आणि वरून खाली यायचं विसरलं. ऑफिसात जावं तर एकच उत्तर, "एलओसी आली नाही." ठेकेदारीशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. एलओसी म्हणजे बंगळूरहून खात्याला मिळणारी पैसे खर्चायची मुभा. शंभर मागितले की दहा-पंधरा येतात, आणि येतात तेव्हा रांगेत तुमच्या पुढं कोण उभा आहे यावर तुमचं नशीब ठरतं.

मी कंग्राळीचा. खुर्द की बुद्रुक ते सांगत नाही. गावातले ओळखतील, बाकीच्यांना फरक पडत नाही. मार्कंडेय नदीच्या अंगाला घरची दीड एकर जमीन, धाकटा भाऊ सरकारी शाळेत मास्तर, आणि मी लहानसा ठेकेदार. विधानसभेला मत महाराष्ट्र एकीकरण समितीला, लोकसभेला कमळाला, ही आमच्या घरची, आमच्या गल्लीचीच म्हणा, जुनी वहिवाट. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझं मत कुठल्या मातीतून उगवलं ते कळल्याशिवाय ते का उपटावं लागलं हे कळायचं नाही.

माझं मत असं होतं, की काँग्रेस सरकारच्या ग्यारंट्यांनी राज्य बुडवलं. एपीएमसीच्या रस्त्यावर चहाच्या गाड्याजवळ सकाळी आमचा एक अड्डा असतो. भाजीच्या गाड्या खाली करून परतणारे, दोन-तीन ठेकेदार, एखादा रिटायर माणूस. तिथं मी हे मत इतक्या जोरात मांडत असे, की चहावाला मला "अर्थमंत्री" म्हणायचा. आणि मी काही नुसत्या तोंडानं बोलत नव्हतो, आकडे पाठ होते. 30 ऑगस्ट 2023 ला म्हैसूरला गृहलक्ष्मी सुरू झाली. सव्वा कोटीच्या आसपास बायका, प्रत्येकीला महिन्याला 2,000. म्हणजे महिन्याचे अडीच हजार कोटी. त्यात एसटीचा फुकट प्रवास, शून्य लाईटबिल, तांदूळ, बेकार पोरांचा भत्ता. 2024-25 चं बजेट 3,71,383 कोटींचं आणि त्यात ग्यारंट्यांना 52,009 कोटी. दर सात रुपयांतला एक. "मग रस्त्याला पैसे येणार कुठनं?" असं म्हणून मी कप खाली आपटत असे.

साक्षीदारही सरकारातलेच मिळत. जुलै 2023 मध्ये उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांनीच सांगून टाकलं होतं, की ग्यारंट्यांसाठी 40 हजार कोटी बाजूला काढलेत, यंदा विकासकामांना निधी मिळणार नाही. आणि जून 2025 मध्ये आपल्याच जिल्ह्यातले कागवाडचे आमदार राजू कागे, तेही काँग्रेसचेच, दोन वर्षं झाली तरी मंजूर कामं सुरू होत नाहीत म्हणून राजीनाम्याची भाषा करायला लागले. आमदाराची ही गत, तर माझ्यासारख्याला कोण विचारतो! मी बातमीचं कात्रण पाकिटात ठेवलं होतं. खरंच ठेवलं होतं.

आता कबुली द्यायचीच तर पुरती देतो. या मतात थोडी जळजळही होती. गृहलक्ष्मीचा नियम असा, की घरधनी इन्कम टॅक्स किंवा जीएसटी भरणारा असेल तर बाईला पैसे नाहीत. माझा जीएसटी नंबर आहे. शेजारच्या चार घरांत महिन्याला दोन हजार पडतात आणि आमच्या घरात नाहीत. बायको एकदाच म्हणाली, "तुमचा तो नंबर भलताच महाग पडला की." पुन्हा तिनं विषय काढला नाही, पण मला ते बोलणं लागलं. भरतो आम्ही आणि खातात दुसरे, हे वाक्य मी त्या दिवसापासून जास्त वेळा बोलायला लागलो.

मग डिसेंबर 2025 आला. डिसेंबर म्हणजे बेळगावला अधिवेशन. हलग्याच्या माळावरची सुवर्णसौध, 2012 साली राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते उघडलेली, वर्षातले दहा-बारा दिवस जागी होते. बाहेर समितीचा महामेळावा आणि तो होऊ नये म्हणून पोलिसांची नाकेबंदी, आत मंत्री-आमदार. आम्हा ठेकेदारांना त्या दिवसांत एक वेडी आशा असते, की सरकार घराजवळ आलंय तर बिलही जवळ आलं असेल. मी तेव्हा एका खाजगी घराचं काम धरलं होतं; सरकारी बिलाची वाट बघत पोट भरत नाही. स्लॅबच्या आदल्या दिवशी खडी पसरायला पाच-सहा बायका होत्या. त्यातली एक, वयानं पन्नाशीची, माझ्याकडं दहा-बारा वर्षं कामाला येणारी. नाव घालत नाही. तिनं घमेलं रिकामं करता करता विचारलं, "अण्णा, तुमचं बिल झालं काय हो?"

मी सवयीनं म्हणालो, "नाही मावशी. तुमच्या दोन हजारांनी खाल्लं की आमचं बिल."

तिनं घमेलं खाली ठेवलं. कमरेवर हात ठेवला. रागावली नव्हती, खरोखर कोड्यात पडली होती. "मग आमचे फेब्रुवारी-मार्चचे कुठं गेले? आमच्या गल्लीत सगळ्या म्हणतात, ठेकेदारांची बिलं भागवायला ते पैसे वळवले. मी भांडले त्यांच्याशी, आमचा अण्णा तसला नव्हं म्हणून."

बाकीच्या बायका हसल्या. मीही हसलो. पण डोक्यात काहीतरी अडकलं ते अडकलंच. मी दोन वर्षं तिच्याकडं बोट दाखवत होतो, आणि तिची गल्ली माझ्याकडं.

फेब्रुवारी-मार्चची गोष्ट तिच्या मनची नव्हती. त्याच अधिवेशनात विरोधकांनी प्रश्न लावून धरला तेव्हा महिला व बालकल्याण मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर यांना सभागृहात मान्य करावं लागलं, की फेब्रुवारी आणि मार्च 2025 चे हप्ते दिलेच गेले नाहीत. आधी त्यांनीच ऑगस्टपर्यंतचे सगळे पैसे दिले असं उत्तर दिलं होतं. दिलगिरी व्यक्त झाली. हेब्बाळकर आमच्याच बेळगाव ग्रामीणच्या आमदार. दोन महिन्यांचे म्हणजे जवळजवळ पाच हजार कोटी. रात्री ती बातमी वाचताना मला पहिल्यांदा असं वाटलं, की माझे अठरा लाख मावशीच्या खात्यात गेले असते तर निदान हिशेब तरी लागला असता. ते तिच्याही खात्यात नाहीत आणि माझ्याही.

मी वह्या काढल्या. माझ्याकडं प्रत्येक कामाची वेगळी वही आहे, दोनशे पानी, पुठ्ठ्यावर कामाचं नाव. त्यात मागच्या पानावर बिल घातल्याची आणि पैसे पडल्याची तारीख लिहायची माझी पद्धत. दोन तारखांमधलं अंतर बोटांवर मोजत बसलो. आणि मला जी वही सापडायला नको होती ती सापडली. 2021 सालचं एक काम, बिल मिळायला एकोणीस महिने. तेव्हा कुठली गृहलक्ष्मी होती? राज्यात भाजप, दिल्लीत भाजप. मी तेव्हा काय म्हणत होतो? कोरोना म्हणत होतो. त्याच्या आधीच्या एका कामाला चौदा महिने लागलेत, तेव्हा पूर म्हणत होतो.

त्याहून अडचणीची वही पुढची. 2022-23, म्हणजे निवडणुकीच्या तोंडावरचं वर्ष. त्या वर्षी मी एक काम वर्क ऑर्डर हातात नसताना सुरू केलं. एका पुढाऱ्याचा माणूस घरी आला, म्हणाला, "आधी नारळ फुटू दे, कागद मागनं येतोय." मी नारळ फोडला. कामाला बजेटमध्ये तरतूद आहे की नाही हे विचारायचं असतं, हे मला माहीत होतं. विचारलं नाही, कारण विचारणाऱ्याला काम मिळत नाही. आणि टक्के दिले का, असं कोणी विचारलं तर दिले. कुणाला ते इथं लिहीत नाही. ते टक्के मी खिशातून दिले नाहीत हे मात्र लिहितो. ते रेतीत, सिमेंटात आणि अंदाजपत्रकात आधीच कालवलेले असतात. थोडक्यात, ज्या तिजोरीत खडखडाट आहे म्हणून मी ओरडत होतो, तिच्यात हात घालणाऱ्यांची मनगटं मी स्वतः धुऊन दिली होती.

आणि हे काय मला नवीन होतं? एप्रिल 2022 ची गोष्ट बेळगावात कोण विसरेल? आमच्या शेजारच्या हिंडलग्यात जत्रेच्या आधी रस्त्यांची कामं झाली, वर्क ऑर्डर नसताना झाली, आणि बिलाच्या पैशांवरून त्या ठेकेदारानं उडुपीच्या एका लॉजवर जीव दिला. त्यानं ज्यांच्यावर आरोप केला त्या मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढं पोलिसांच्या अहवालात त्यांना क्लीन चिटही मिळाली. कोण दोषी, कोण निर्दोष, ते बाजूला ठेवू. पण तरतूद नाही, ऑर्डर नाही आणि रस्ता तयार, हा सगळा खेळ ग्यारंट्यांच्या एक वर्ष आधी आमच्या वेशीवर घडला होता. मी त्या ठेकेदाराच्या बातमीवर हळहळलो आणि आठ महिन्यांनी स्वतः तोच नारळ फोडला.

वह्या मिटल्या तेव्हा अकरा वाजले असतील. बायकोनं लाईट बंद करायला सांगितली. मी म्हणालो, "राहू दे, बिल कुठं येतंय?" आणि जीभ चावली. शून्य बिल! जून 2023 मध्ये गृहज्योतीचे अर्ज सुटले त्या पहिल्याच आठवड्यात मी सेवासिंधूवर नाव घातलं होतं. साईट बंद पडायची म्हणून रात्री एक वाजता उठून घातलं. तिथं जीएसटीची अट नव्हती ना. दोन वर्षं हेस्कॉमचं बिल शून्य येतंय आणि मी दोन वर्षं चहाच्या गाड्यावर फुकट्यांना शिव्या देतोय. शेतातल्या मोटारीचं तर विचारूच नका. दहा एचपीपर्यंतच्या पंपाला कर्नाटकात 2008 पासून, येडियुरप्पांच्या काळापासून, करंट फुकट. त्यापोटी सरकार दर वर्षी हजारो कोटी भरतं. दीड एकरातल्या फ्लॉवर-बटाट्याला ते पाणी पाजताना मला एकदाही वाटलं नाही, की हीसुद्धा ग्यारंटीच. शेतकऱ्याला मिळतं ते हक्काचं, बाईला मिळतं ते फुकटचं, अशी माझ्या डोक्यात वाटणी होती. कुणी केली, कधी केली, ठाऊक नाही.

भाऊ तर त्याहून पक्का निघाला. रविवारी जेवताना मी हे सगळं बोललो तर तो म्हणाला, "दादा, पण ग्यारंट्यांचा बोजा आहेच की." मी विचारलं, "तुझा पगार कधी वाढला?" ऑगस्ट 2024. राज्याचा सातवा वेतन आयोग. त्याचा बोजा वर्षाला 20,208 कोटी. तो म्हणाला, "तो आमच्या कष्टाचा पैसा." त्याचं म्हणणं खोटं नाही. पण मावशीची घमेली कष्टाची नाहीत काय, हे मी विचारलं नाही. ताटावर भांडणं नकोत म्हणून.

इथवर माझं मत निम्मं बदललं होतं. उरलेलं निम्मं बदललं संक्रांतीला, आणि तेही पलीकडच्या माणसामुळं.

आक्का चंदगड तालुक्यात दिलेली. बेळगावाहून निघून शिनोळी आली की महाराष्ट्र. आमच्या दृष्टीनं पाहुण्यांच्या गावाला जायची वाट, सरकारच्या दृष्टीनं दुसरं राज्य. दाजी विकास सोसायटीत सचिव होते, रिटायर झालेत. आकड्यांचा माणूस. पेपर वाचताना पेन घेऊन बसतात. मी त्यांना म्हणालो, "दाजी, आमचा मुख्यमंत्री सगळं केंद्रावर ढकलतोय बघा." फेब्रुवारी 2024 मध्ये सिद्धरामय्या सगळं मंत्रिमंडळ घेऊन जंतरमंतरवर बसले होते, आमचा कर आमचा हक्क म्हणत. मला ते शुद्ध नाटक वाटलं होतं. त्यात बंगळूर काही बोललं की त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे सीमाभागातल्या मराठी माणसाला बाळकडूच असतं. ज्यांनी आमच्या दुकानांच्या मराठी पाट्यांवर काळं फासू दिलं, ते पैशांबाबत खरं बोलतील असं का मानायचं?

दाजी म्हणाले, "पाट्यांचं सोड. हिशेबात तो खोटं बोलत नाही."

त्यांनी पेपरच्या कडेला लिहून दाखवलं. केंद्र जो कर गोळा करतं त्यातला राज्यांचा वाटा वित्त आयोग ठरवतो. चौदाव्या आयोगात कर्नाटकाला त्या वाट्यातले 4.713 टक्के होते. पंधराव्यात 3.647 झाले. "एक टक्का गेला तुमचा. आणि आमचा बघ, 5.521 वरून 6.317. तुमचा घटला, आमचा वाढला." आमचा का घटला, तर ज्या राज्याचं दरडोई उत्पन्न जास्त त्याला कमी, हे सूत्र. बंगळूरच्या काचेच्या इमारतींमुळं अख्खं कर्नाटक श्रीमंत ठरलं, आमच्या मार्कंडेयाकाठच्या बटाट्यासकट. गरीब राज्यांना जास्त मिळावं यात चूक काय, असंही दाजीच म्हणाले. मग म्हणाले, "पण त्या आयोगानंच तुमचा वाटा आदल्या वर्षीपेक्षा घटतोय म्हणून 5,495 कोटींची खास मदत सुचवली होती. ती केंद्रानं दिली नाही. अर्थमंत्री तर तुमच्याच राज्याच्या राज्यसभा खासदार."

निर्मला सीतारामन कर्नाटकातून राज्यसभेवर आहेत हे मला माहीत होतं. त्या दोन गोष्टी मी कधी शेजारीशेजारी ठेवल्या नव्हत्या एवढंच. त्यांचं उत्तरही आहे, की ती शिफारस अंतरिम अहवालात होती, अंतिम अहवालात नव्हती. पण एका वर्षापुरतीच असलेली मदत अंतिम अहवालात कशी येईल?

मग मला आमचा पूर आठवला. ऑगस्ट 2019. मार्कंडेय शिवारात घुसली होती, आमचा पंप तीन दिवस पाण्याखाली होता. राज्यानं नुकसान मांडलं 35,160 कोटींचं. दिल्लीहून आले दोन्ही खेपांना मिळून 1,869 कोटी. आणि तेव्हा सिद्धरामय्या नव्हते, येडियुरप्पा होते. डबल इंजिन जोरात होतं. 2 जानेवारी 2020 ला तुमकूरच्या जाहीर सभेत त्यांनी मोदींच्या समोर, माईकवरून, मदत मिळाली नाही अशी तक्रार केली होती. मी ते टीव्हीवर पाहिलं होतं. "म्हातारा धीट आहे," एवढंच तेव्हा बोललो होतो. 2023 च्या दुष्काळात पुन्हा तेच. मागितले 18,171 कोटी, राज्याला सुप्रीम कोर्टात जावं लागलं, तेव्हा एप्रिल 2024 मध्ये 3,454 कोटी सुटले. पक्ष बदलला तरी रडगाणं तेच, म्हणजे ते अगदीच नाटक नसावं, हे मला सहा वर्षांनी संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर कळलं.

जीएसटी आल्यापासून राज्याच्या हातात कर वाढवायला उरलंय काय? पेट्रोल-डिझेल, दारू, गाड्यांचा कर, जमिनीचं रजिस्ट्रेशन. पाच वर्षांची नुकसानभरपाई जून 2022 ला संपली. म्हणून मग जून 2024 मध्ये पेट्रोल-डिझेल तीन-साडेतीन रुपयांनी चढलं, एप्रिल 2025 मध्ये डिझेल पुन्हा दोन रुपयांनी. जानेवारी 2025 ला बसचं तिकीट 15 टक्क्यांनी वाढलं, तेही साध्या बसमध्ये फक्त पुरुषांना लागलं, कारण बायकांचं तिकीट शून्यच. आणि दारू! 2025-26 ला अबकारी खात्याचं टार्गेट 40 हजार कोटी. त्याच वर्षी गृहलक्ष्मीला ठेवले 28,608 कोटी. मावशीचा नवरा संध्याकाळी क्वार्टर घेतो. मी हिशेब केला नाही, पण तिच्या दोन हजारांतले किती परत बंगळूरला पोचत असतील, हे तिनं स्वतःच एकदा सांगितलं होतं. "सरकार एका हातानं घालतं आणि आमच्या दाल्ल्याच्या खिशातनं काढतं."

एवढं झाल्यावर मी दाजींना डिवचलं. "मग तुमच्याकडं सगळं आलबेल असंल. वाटा वाढलाय." आक्का आतून म्हणाली, "माझे पंधराशे येतात तेवढं बोल." लाडकी बहीण. तिला पंधराशे, इकडं मावशीला दोन हजार. निवडणुकीत एकवीसशे म्हणाले होते, ते काही आले नाहीत. दाजींनी पेन पुन्हा उचललं. 2025-26 च्या महाराष्ट्राच्या बजेटमध्ये लाडक्या बहिणीला 36 हजार कोटी आणि महसुली तूट 45,891 कोटी. तिकडच्या ठेकेदारांचीही बिलं थकलीत, तेही आंदोलन करतात. आमची राज्य संघटना तीस हजार कोटींच्या वर थकले म्हणते. तिकडचा आकडा त्याच्या दुपटीहून मोठा सांगतात. जुलै 2022 मध्ये ज्या भाजपनं रेवडी संस्कृती म्हणून देशाला सावध केलं, त्यानंच दोन वर्षांनी सीमेच्या पलीकडं रेवड्यांची कढई चढवली. आणि दोन्हीकडं कमी पडलं तेव्हा हात गेला तो एकाच पेटीत. कर्नाटकात अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव निधीतले 14 हजार कोटींहून अधिक 2024-25 ला ग्यारंट्यांकडं वळवले. महाराष्ट्रात सामाजिक न्याय खात्याचे वळवले, म्हणून त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच आरडाओरडा केला. वर पुन्हा 86 हजार कोटींचा शक्तिपीठ महामार्ग. दाजींच्या गावातले लोक तो नको म्हणून मोर्चे काढतात. तिकडं लोकांना नको असलेल्या रस्त्याला पैसे मिळतात आणि इकडं माझ्या झालेल्या रस्त्याला मिळत नाहीत.

आता कुणी म्हणेल, हा माणूस फिरला, सिद्धरामय्यांचा झाला. तसं नाही. कॅगचा अहवाल ऑगस्ट 2025 मध्ये विधानसभेत आला, त्यात 2023-24 चं चित्र स्वच्छ आहे. उत्पन्न वाढलं 1.86 टक्के, खर्च वाढला 12.54 टक्के. राज्य महसुली तुटीत गेलं, 9,271 कोटींच्या. भांडवली खर्च, म्हणजे माझ्यासारख्यांच्या पोटाचा खर्च, आदल्या वर्षीपेक्षा 5,229 कोटींनी घटला. ग्यारंट्यांचा ओढा आहे, तो नाकारणारा आंधळा. माझं म्हणणं असं, की हे राज्य सरकारला 2023 च्या जुलैत ठाऊक होतं आणि तरी त्यानं सगळ्यांना होय म्हटलं. बायकांना होय, मास्तरांना होय, आमदारांना होय, ठेकेदारांना होय. नाही म्हणायची वेळ आली तेव्हा ते तोंडानं म्हटलं नाही. एलओसी येत नाही म्हणून कळवलं, हप्ता पडत नाही म्हणून कळवलं. आणि कुणाला थांबवायचं हे जो ओरडू शकत नाही त्याच्याकडं बघून ठरवलं. पगार एक तारखेला होतो. व्याज एक दिवस चुकत नाही. बसच्या महामंडळांना शक्ती योजनेचे, म्हणजे बायकांच्या फुकट प्रवासाचे, पैसे वेळेवर मिळेनात, तेव्हा जानेवारी 2025 मध्ये चारही महामंडळांना मिळून 2,000 कोटींचं कर्ज काढायला परवानगी दिली. मावशीला कर्ज काढायला कोण परवानगी देतं? ती बचतगटात गेली.

मी तिला हे सगळं सांगायचा प्रयत्न केला. वित्त आयोग, टक्के, तूट. खडीच्या ढिगावर बसून ती भाकरी खात होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तुमचंबी नाही आलं आणि आमचंबी नाही. मग गल्लीत काय सांगू?" मी म्हणालो, "सांग, अण्णानं खाल्ले नाहीत." तिनं मान हलवली. पण मला ते म्हणताना पूर्ण खरं बोलल्यासारखं वाटलं नाही. 2022 ची ती वही घरी कपाटात होती.

चहाच्या गाड्यावर मी आता गप्प असतो, असं नाही. सवय जात नाही. पण परवा दुसऱ्या एका ठेकेदारानं "त्या बायकांच्या दोन हजारांनी" म्हणून सुरुवात केली तेव्हा मी विचारलं, "तुझं लाईटबिल किती येतं रे?" तो चिडला. म्हणाला, "तू कुठल्या पार्टीत गेलास?" चहावाल्यानं मला नवीन नाव ठेवलंय, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गेल्या आठवड्यात एक नवीन टेंडर निघालं. शाळेच्या दोन खोल्या, स्लॅब आणि फरशी. मी ठरवून ऑफिसात गेलो आणि इंजिनिअरला विचारलं, "साहेब, ह्याला कुठल्या हेडखाली तरतूद आहे? ह्या वर्षी पैसे आहेत की पुढच्या?" एकोणीस वर्षांच्या ठेकेदारीत हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, हसले आणि कानडीत म्हणाले, तुम्हाला काम पाहिजे की हिशेब?

मी टेंडर भरलं. अंदाजपत्रकाच्या चौदा टक्के बिलो.